चाळीस दिवसांच्या पक्ष्याला कोणती लस? ई. कोलायवरील लसींच्या तीन प्रकारांचे परीक्षण

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोड्या अंतरावर, आमचे ब्रॉयलर म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचे एक शेड आहे. कंपनीशी करार न करता स्वतःच्या पैशांनी आम्ही एका वेळी १,५०० पिल्ले घेतो. ती चोर्ला घाटातून रात्रीच्या गाडीने येतात आणि ३८ ते ४२ दिवसांत विक्रीला जातात. पावसाळ्यातील बॅचमध्ये ई. कोलाय या जिवाणूने वारंवार नुकसान केल्यावर मी त्यावरील लसी वापरून पाहण्याचे ठरवले. आतापर्यंत तीन स्वरूपांतील लसी हाताळल्या आहेत. एक जिवंत, पाण्यात विरघळवून फवारायची; दुसरी मृत जिवाणूंची, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलमधली; तिसरीही मृत, पण खनिज तेलात घोटलेली. हे परीक्षण कोणत्या कंपनीची लस घ्यावी याविषयी नाही. लस कोणत्या स्वरूपात आहे, यावरच ब्रॉयलरच्या बाबतीत निम्म्याहून अधिक निकाल ठरतो असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे येथे सांगायचे आहे. एका शेडमधला अनुभव हा शास्त्रीय प्रयोग होत नाही. एका बॅचला ऊन मिळते, दुसरीला आठवडाभराची झड लागते, मग मरतुकीच्या आकड्यांची तुलना कशी करणार? म्हणून मी माझ्या वहीतले आकडे पुढे करत नाही. प्रत्येक लस हाताळताना काय दिसले आणि ती तशी का वागते, एवढेच मांडतो.

आधी रोगाविषयी. ई. कोलाय कोंबडीच्या आतड्यात एरवीही असतो. तो श्वासमार्गातून आत उतरला आणि त्याची जात रोगकारक असली, की पिल्ले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंख पाडून कोपऱ्यात बसू लागतात. पहिल्यांदा असे झाले तेव्हा पशुवैद्यकीय डॉक्टरांनी माझ्यासमोरच एक मेलेला पक्षी उघडला. छातीचे हाड उचलताच हृदयाभोवती पिवळट-पांढरा थर दिसला. यकृतावर तर तापवलेल्या दुधावर धरते तशी साय पसरलेली होती, आणि डॉक्टरांनी चिमट्याने धरताच ती अखंड निघून आली. हवेच्या पिशव्या निरोगी पक्ष्यात काचेसारख्या पारदर्शक असतात. येथे त्या गढूळ आणि जाड झाल्या होत्या. तेव्हापासून मी दर बॅचला दोन-तीन मेलेले पक्षी डॉक्टरांकडून उघडून पाहून घेतो. मरतूक कशाने झाली हे न बघता लसीला यश किंवा अपयश चिकटवणे चुकीचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अंड्यावरची कोंबडी दीड वर्ष जगते. ब्रॉयलरला उणेपुरे चाळीस दिवस मिळतात. मृत जिवाणूंची लस टोचल्यानंतर पुरेशी प्रतिपिंडे (रोगाशी लढणाऱ्या अँटिबॉडी) तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि बहुतेक मृत लसींना खरा जोर दुसऱ्या मात्रेनंतरच येतो. दहाव्या दिवशी टोचले तर संरक्षण उभे राहायला महिना उजाडतो. आमच्याकडे रोग येतो तो तिसऱ्या आठवड्यात. म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय पहिल्या काही दिवसांत पिल्लाच्या अंगात अंड्यातील बलकातून आलेली आईची प्रतिपिंडे असतात. ती पिल्लाला जपतात, पण टोचलेल्या लसीचा प्रभावही कमी करतात. हा दिवसांचा हिशेब लसीच्या बाटलीवर लिहिलेला नसतो, तो आपण मांडायचा असतो.

या हिशेबात जिवंत लस सर्वांत चांगली बसते. ई. कोलायच्या जिवंत लसीतील जिवाणूच्या अंगातून अरो-ए नावाचे एक जनुक काढून टाकलेले असते. त्या जनुकावाचून जिवाणूला स्वतःला लागणारी काही आवश्यक द्रव्ये तयार करता येत नाहीत, आणि ती पक्ष्याच्या शरीरातही त्याला पुरेशी मिळत नाहीत. त्यामुळे तो थोडा काळ वाढतो, शरीराला स्वतःची ओळख करून देतो आणि रोग न करता संपून जातो. पहिल्याच दिवशी तो जाड थेंबांच्या फवाऱ्यातून देता येतो. थेंब डोळ्यांत, नाकात पडतात, पिल्ले एकमेकांच्या अंगावरचे थेंब टिपतात, आणि ज्या श्वासमार्गातून रोग शिरणार असतो त्याच मार्गावर संरक्षणाला सुरुवात होते. साधारण दोन आठवड्यांत त्याचा परिणाम उभा राहतो, म्हणजे आमच्या धोक्याच्या आठवड्याआधी.

फवारणी खरे तर हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तेथेच, व्हायला हवी. आमची पिल्ले लहान लॉटमध्ये येत असल्याने ती सोय मिळाली नाही, म्हणून पिल्ले खोक्यांतच असताना आम्ही पहाटे फवारणी केली. त्यासाठी नवा हातपंप आणला, कारण शेतात औषध मारलेल्या पंपात उरलेला एखादा थेंबही जिवंत लसीला मारक ठरतो. थेंब जाड हवेत. धुक्यासारखा बारीक फवारा फुप्फुसात खोल उतरतो आणि पिल्लांना सर्दीसारखी प्रतिक्रिया येते. पाण्यात निळा रंग मिसळला होता. फवारून झाल्यावर पिवळ्या लवेवर निळे ठिपके दिसत होते, आणि दहा-पंधरा मिनिटांनी काही पिल्लांच्या चोची उघडून पाहिल्या तर जिभेवर निळी छटा आली होती. लस सर्वांपर्यंत पोचली की नाही हे डोळ्यांनी तपासता येणे, हा मला या लसीचा मोठा गुण वाटतो. सुई टोचताना मजुराने एखादे पिल्लू गाळले तर ते कधीच कळत नाही.

या लसीचे दोन शत्रू मात्र आपल्या हातूनच घरात येतात. पहिला क्लोरीन. आमच्याकडे दाबोसच्या प्रकल्पातून नळाचे पाणी येते. माणसांना पिण्यासाठी ते उत्तम आहे. त्यातला क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेला असतो आणि जिवंत लस म्हणजे जिवाणूच. फवाऱ्यासाठी म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. पाण्यावाटे लस द्यायची झाली, आणि ती पाचव्या दिवसानंतर देता येते, तर एक लिटर पाण्याला अडीच ग्रॅम या प्रमाणात साय काढलेल्या दुधाची भुकटी आधी मिसळून ठेवावी. ती क्लोरीनला निष्प्रभ करते. पाण्याच्या पाइपमध्ये साचलेला चिकट थर दोन-तीन दिवस आधी धुऊन काढावा, पण लसीच्या दिवशी त्यात कोणतेही जंतुनाशक शिल्लक राहता कामा नये.

दुसरा शत्रू अधिक गंभीर आहे, आणि त्याविषयी मला कळकळीने लिहायचे आहे. आपल्याकडे पिल्ले उतरली की पहिले तीन ते पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक देण्याची पद्धत रुळलेली आहे. विकणारा सांगतो, शेजारचा शेतकरी सांगतो, आणि पिल्ले दगावण्याच्या भीतीने आपणही देतो. मीही दिली आहेत. परंतु पहिल्या दिवशी जिवंत जिवाणू-लस आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक म्हणजे एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने उपटायचे. औषधाला लसीतला ई. कोलाय आणि रोगाचा ई. कोलाय असा भेद कळत नाही. लसीच्या आधी आणि नंतर काही दिवस अँटिबायोटिक पूर्ण बंद हवे, खाद्यात मिसळून येणारेसुद्धा. खाद्याच्या गोणीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय ही लस देऊच नये. माझ्या पहिल्या जिवंत-लसीच्या बॅचला मी खाद्य तपासले नव्हते, आणि त्या बॅचमध्ये लसीचा काहीच गुण दिसला नाही. दोष लसीचा होता असे मी आज म्हणणार नाही. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, कारण माणसाच्या उपचारातले ते शेवटच्या फळीतले औषध आहे. त्या दिशेने पुढे जायचे असेल तर ब्रॉयलरवाल्याच्या हातात काही पर्याय हवा, आणि नीट दिलेली जिवंत लस हा मला त्यातला सर्वांत प्रामाणिक पर्याय वाटतो. तिच्यामुळे आपल्याला अँटिबायोटिक सोडावेच लागते, हा तिचा दोष नसून उपकार आहे.

जेल लसीबद्दल थोडक्यात लिहितो. जिवाणू फॉर्मालिनने मारून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवलेले असतात. ती तेलापेक्षा पातळ असल्याने सुई सहज चालते, टोचलेल्या जागी गाठही लहान येते. मात्र तिने मिळणारे संरक्षण तेल-लसीपेक्षा कमी काळ टिकते. ब्रॉयलरला तसाही दीर्घकाळ नको आहे, म्हणून हा दोष क्षम्य ठरला असता. परंतु दोन-तीन आठवड्यांची वाट येथेही चुकत नाही, आणि १,५०० पिल्ले एकेक करून धरण्यात जो ताण पिल्लांना होतो तो वेगळा. एकदा मी एका दुकानातून या प्रकारची बाटली घेतली. घरी येऊन हलवली तर तळाशी पांढरे कण राहिले, आणि थोड्याच वेळात वर निवळ पाणी सुटले, जसे फाटलेल्या दुधाचे सुटते. दुकानदाराला विचारले तेव्हा कळले की वीज जाते म्हणून बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. त्याने तो काळजीपोटीच केलेला उपाय होता. पण जेल लस एकदा गोठली की जेलचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा कितीही हलवले तरी मूळ स्थिती येत नाही. अशी लस टोचू नये. तेल-लसही गोठवली तर तेल आणि पाणी वेगळे होते. या सर्व लसींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान हवे. पावसाळ्यात आमच्या भागात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिजपेक्षा थंड जेल-पॅक घातलेली थर्मोकोलची पेटी अधिक विश्वासाची, आणि त्यातही बाटली पॅकला टेकू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवावी.

तेल-लस ताकदीच्या दृष्टीने तिन्हींत श्रेष्ठ आहे. तेलाच्या सूक्ष्म थेंबांतून जिवाणूंचे अंश हळूहळू बाहेर पडतात आणि शरीर अनेक आठवडे प्रतिपिंडे तयार करत राहते. अर्धा मिलिलिटर मात्रेप्रमाणे ५०० मिलिलिटरची बाटली १,००० पक्ष्यांना पुरते. फ्रिजमधून काढल्या काढल्या ती इतकी दाट असते की सुईतून उतरत नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी लागते. एवढे करूनही ब्रॉयलरला ती देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. टोचलेल्या जागी तेलाची गाठ उरते आणि ती खाण्याच्या मांसात उरते. अमेरिकेत अशा लसीनंतर ४२ दिवस पक्षी कत्तलीला पाठवता येत नाही. आमच्या ब्रॉयलरचे आयुष्यच तेवढे आहे. ज्याच्या ताटात हे मांस जाणार त्याच्याशी आपण प्रामाणिक राहायला हवे.

दुसरे कारण आमच्या शेडमध्येच घडले. मंद प्रकाशात रात्री टोचणी चालू होती. एका हाताने पिल्लू धरलेले, दुसऱ्या हातात आपोआप भरणारी सिरिंज. पिल्लाने झटका दिला आणि सुई कामगाराच्या तर्जनीत शिरली. रक्ताचा एवढासा ठिपका आला. तो म्हणाला, ‘‘दादा, काही नाही, चला पुढे.’’ मी चिठ्ठी वाचलेली होती म्हणून काम तेथेच थांबवले. खनिज तेल बोटाच्या बंद जागेत शिरले तर सूज येऊन रक्तपुरवठा अडतो आणि तातडीने उपचार झाले नाहीत तर बोट गमावण्याची वेळ येते, मग मात्रा कितीही थोडी का असेना. त्याला लगेच इस्पितळात नेले आणि बाटलीबरोबरची चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात दिली. सुदैवाने सुई वरवर लागली होती. तेल-लस टोचणाऱ्या प्रत्येकाने ती चिठ्ठी खिशात ठेवावी आणि कामगाराला त्याच्या भाषेत समजावून सांगावी.

मग तेल-लसीचे स्थान कोठे? आई-बापाच्या कळपात. ज्या कोंबड्यांच्या अंड्यांतून ब्रॉयलरची पिल्ले निघतात त्या अनेक महिने जगतात, त्यांना दोन मात्रा देता येतात आणि त्यांची प्रतिपिंडे बलकातून पिल्लांना मिळतात. पिल्लू उतरते तेच थोडेफार संरक्षण घेऊन. म्हणून मी आता पिल्ले मागवताना भावाबरोबर दोन प्रश्न विचारतो: पालक कळपाला ई. कोलायची लस दिली होती का, आणि कोणत्या वयात? सगळीकडून उत्तर मिळत नाही. जेथे मिळते तेथे मी दोन पैसे जास्त मोजायला तयार असतो.

मृत लसींची आणखी एक मर्यादा लक्षात घ्यायला हवी. ई. कोलायच्या पुष्कळ जाती आहेत; कोंबड्यांत ओ१, ओ२ आणि ओ७८ या विशेष आढळतात. मृत लस मुख्यतः ज्या जातीपासून बनवली तिच्याविरुद्धच चालते. जिवंत लसीचा आवाका याहून काहीसा मोठा असतो, तरी तीही सर्वच जातींवर सारखी लागू पडते असे मानू नये. मेलेल्या पक्ष्याच्या यकृतातून नमुना घेऊन जात तपासून घेतल्याशिवाय मृत लस निवडणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

लसीचे कौतुक करताना शेडची हवा विसरून चालणार नाही. सत्तरीचा पाऊस अंगावर घेतलेल्या कोणालाही शेडच्या जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस किती लवकर ओले होते ते सांगावे लागत नाही. ओल्या तुसातून अमोनिया सुटतो. त्याचे प्रमाण हवेत दशलक्ष भागांत २५ भागांच्या वर गेले की श्वासनलिकेतील सूक्ष्म केस झडतात आणि ई. कोलायला वाट मोकळी होते. पहाटे शेडचे दार उघडताच डोळे चुरचुरले तर ती लसीची नव्हे, तूस उलथण्याची आणि पडदे वर घेण्याची वेळ असते. तसेच गंबोरो या विषाणूच्या रोगाने पिल्लाची बर्सा ही प्रतिकारशक्ती घडवणारी ग्रंथी बिघडली तर कोणतीच लस लागू पडत नाही, आणि राणीखेत किंवा ब्राँकायटिस या विषाणूंच्या रोगांच्या पाठोपाठ ई. कोलाय येतोच. म्हणून पहिल्या आठवड्यातली राणीखेतवरची लासोटा लस आणि दुसऱ्या आठवड्यातली गंबोरोची लस वेळेवर झाल्याशिवाय ई. कोलायच्या लसीवर पैसे घालू नयेत.

शेजारच्या वहिनींनी परवा विचारले, ‘‘भाऊ, तुमची ती फवाऱ्याची लस माझ्या कोंबड्यांना चालेल काय?’’ त्यांच्याकडे काही गांवठी आणि काही वनराजा या सुधारित जातीच्या कोंबड्या आहेत, आणि पाऊस ओसरताना त्यांचे चेहरे सुजतात, नाकातून घाण वास येणारा स्राव वाहतो. तो ई. कोलाय नव्हे, बहुधा कोरायझा; निदान डॉक्टरांकडून करून घ्या असे सांगितले. त्या रोगाच्या जिवाणूचे अ, ब आणि क असे तीन प्रकार आहेत आणि त्यावर मृत लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रांत, हाच मार्ग आहे. येथे माझा सगळा हिशेब उलटतो. त्यांच्या कोंबड्या दोन-तीन वर्षे जगतात, अंडी देतात. त्यांना टिकाऊ संरक्षण हवे, आणि वाट पाहायला त्यांच्याकडे वेळ आहे. कोंबड्यांच्या टायफॉइडवरची ९-आर ही जिवंत लसही अशीच. १९५६ सालापासून ज्ञात असलेली ही लस दीर्घायुषी पक्ष्यांना साधारण सहाव्या आठवड्यापासून टोचतात. तोवर ब्रॉयलर बाजारात गेलेला असतो, त्यामुळे आम्हाला तिचा उपयोग नाही.

किमतीविषयी माझी तक्रार खरी आहे, पण ती लसीच्या गुणाविषयी नाही. जिवंत लसीच्या कुप्या मोठ्या फार्मचा विचार करून भरलेल्या असतात. एकदा पाणी घातले की ती दोन तासांत संपवावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. १,५०० पक्ष्यांच्या शेडला त्यातली निम्म्याहून अधिक लस टाकून द्यावी लागते आणि दर पक्ष्यामागचा खर्च वाढतो. गोव्यात खपणाऱ्या चिकनपैकी बरेचसे बेळगाव-कोल्हापूरकडून येते; येथले उत्पादक थोडे आणि लहान. आम्हा तीन शेडवाल्यांनी या नाताळच्या बॅचसाठी पिल्ले एकाच दिवशी उतरवण्याचे ठरवले आहे, म्हणजे एक कुपी तीन शेडांत वाटता येईल. पहाटे पाच वाजता माझ्या अंगणात लस विरघळवायची, थंड पेटीत तीन बाटल्या भरायच्या, आणि तासाभरात तिन्हीकडे फवारणी पुरी करायची. खाद्याच्या गोण्या मी आधीच तपासून ठेवल्या आहेत.